न उघडलेल्या अंकाची पूजा

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरी स्वयंपाक नसायचा, खळ असायची. आई सकाळीच एका जुन्या पातेल्यात मैदा कालवायची, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायची, आणि स्टोव्हवर ते खदखद शिजायला लागलं की सगळ्या घराला एक गिळगिळीत वास सुटायचा. तो वास मला आजही कुठे आला ना, की पोटात भूक आणि राग दोन्ही एकदम उठतात. हॉलमध्ये सतरंजी, सतरंजीवर अंकांचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्या मागे मांडीवर पाट घेऊन बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील. मी कागदी पट्ट्यांना खळ लावायची, अण्णा अंकाची सुरळी करून पट्टी गुंडाळायचे, आई त्यावर पत्ते चिकटवायची. बाहेर कोपरखैरण्याच्या नव्या सेक्टरात पाया ठोकायचं मशीन धाड, धाड करत असायचं, आणि अण्णा त्या ठोक्यावर मान डोलवत म्हणायचे, "आज विलंबितात चाललाय." दुपारी आदल्या रात्रीची मटकीची उसळ, बेकरीचा पाव, वर मूठभर शेव. चिकट हातांनीच खायचं, कारण हात धुतले की परत बसायला अर्धा तास जातो, हे अण्णांचं शास्त्र.

अण्णा नोकरी बँकेत करायचे आणि जगायचे 'वाद्यसोबती'साठी. हे त्यांचं मासिक. पेटी, तबला, सतार, सारंगी, बासरी, यातलं कुठलंही वाद्य घरात असलेल्या माणसासाठी. गिरगावातल्या चाळीत असताना सुरू केलेलं, आणि आम्ही खाडी ओलांडून इकडे फ्लॅटमध्ये आलो तेव्हा भांड्यांच्या आधी अंकांची कपाटं आली. माझी आई आठवडाभर चहा लोट्यात करत होती, सांगते ना. पण मला ते मासिक फार आवडायचं. पेटीचे सूर कसे घासतात, तबल्याची शाई फुटते कशाने, सतारीच्या भोपळ्याला भेग गेली तर काय करायचं, असलं सगळं त्यात असायचं. मी शाळेत बाकी मुलींना हे सांगायला गेले की त्या पळायच्या. मी पाठोपाठ जाऊन सांगायची. माझं तेव्हापासून असंच आहे, एखादी गोष्ट कळली की ती दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय मला घास जात नाही. आत्ता हे फोनवर टाइप करतेय तर भाचा म्हणतो, मावशी, बोटं मोडतील, हळू. साठीला आले तरी हळू काही मला येत नाही.

तर या मासिकाला एक रोग होता, आणि तो मला पट्ट्यांना खळ लावताना कळला. वर्गणीदार म्हातारे होत होते. अण्णांबरोबरच सगळे. सुरुवातीला त्यांची पत्रं यायची की अमुक राग पेटीवर कसा बसवावा. मग यायला लागली की अक्षर मोठं करा. अण्णांनी अक्षर मोठं केलं. अक्षर मोठं झालं म्हणून मजकूर कमी झाला, सतारीचं सदर गेलं. मग पत्रं आली की हल्ली अंकात वाचायला काही नसतं. श्रद्धांजलीची चौकट आधी एका कोपऱ्यात असायची, ती पाऊण पानावर आली. आई पत्त्यांच्या चिठ्ठ्यांतून गेलेल्यांची चिठ्ठी काढायची आणि दर वेळी "अरेरे" म्हणायची, मग पुढे पुढे नुसतीच काढायची.

आणि जाहिराती! त्या तर आरशासारख्या होत्या. आधी वाद्यांच्या जाहिराती होत्या. मग गुडघेदुखीचं तेल आलं. मग चारधाम यात्रा कंपनी. एक दिवस अण्णा प्रुफं बघताना थबकले, मी डोकावले तर कानाला लावायच्या यंत्राची जाहिरात. संगीताच्या मासिकात ऐकू न येणाऱ्यांसाठी! मी इतकी हसले, इतकी हसले. अण्णा म्हणाले, "हसू नकोस. कागदाचं बिल हे यंत्र भरतंय."

पण खरे धनी होते भाऊसाहेब. दादरला त्यांचं पेट्यांचं मोठं दुकान होतं आणि मासिकाचं पाठचं कव्हर वर्षानुवर्षं त्यांचं. गोरे, टापटीप, हातात कायम पेढ्यांचा पुडा, मला "मिनलबाई" म्हणायचे. अंकात दर महिन्याला एका नव्या पेटीचं परीक्षण असायचं. ते परीक्षण दुकानातूनच लिहून यायचं! अण्णा फक्त शुद्धलेखन बघायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, आपल्या मासिकात आजपर्यंत एकही पेटी वाईट कशी निघाली नाही हो?" भाऊसाहेब समोरच बसले होते. ते खो खो हसले. "मिनलबाई, वाईट पेटी आम्ही विकतच नाही, तर परीक्षणाला पाठवू कुठून?" अण्णाही हसले. आई आतून बाहेर आली नाही.

तुम्हाला वाटेल हे जुन्या काळातलं. छे! भाचा गिटार वाजवतो, तो ती परदेशी मासिकं फोनवर वाचतो, मला दाखवतो. मी बघतच राहिले. सगळ्या गिटारी त्याच्या जन्माच्या आधीच्या. कव्हरवर पांढऱ्या दाढीचा माणूस, आत त्या माणसाने विशीत वाजवलेल्या गिटारीची हुबेहूब नवी नक्कल, तिचं परीक्षण, परीक्षणाच्या शेजारी तिचीच जाहिरात. मी म्हटलं, तुझ्या वयाचा कोण आहे यात? त्याने पानं सरकवली, सरकवली, आणि म्हणाला, "हा बघ, गिटारीच्या पट्ट्याच्या जाहिरातीत." मला हसायला आलं नाही या वेळेला.

असो. मी अकरावीला गेले आणि अण्णांच्या मागे लागले की मला एक पान द्या. फक्त तरुण वाजवणाऱ्यांचं. "कोण वाचणार?" "मी वाचणार!" "तू वर्गणी भरत नाहीस." "मग नातवंडं वाचतील, आजोबांच्या हातातून घेऊन." हे मी सहज बोलले, पण अण्णांना पटलं. पान मिळालं. नाव मी दिलं, 'नवे हात'. आणि मग पंचाईत, की तरुण माणूस आणायचा कुठून? अण्णांच्या ओळखीतला सगळ्यात तरुण तबलजी बेचाळीस वर्षांचा होता.

तेवढ्यात आमच्या सोसायटीत भांडण झालं. सोसायटीच्या भिंतीपलीकडे जुनं गाव, आगरी लोकांचं. त्यांच्या लग्नात हळदीला बेंजो पार्टी असायची. लाऊडस्पीकरवर. सोसायटीतल्या मंडळींची झोप उडायची, दुसऱ्या दिवशी ऑफिस. कमिटीने ठरवलं की गावात जाऊन सांगायचं, आणि पाठवलं कुणाला, तर अण्णांना, "तुम्हाला वाद्यांतलं कळतं" म्हणून! अण्णा एकटे जायला घाबरले, मला घेऊन गेले. दिवेलागणीची वेळ. मांडवात हळदीने पिवळे झालेले लोक नाचत होते आणि एका फळीवर बसून एक विशीतला पोरगा बेंजो वाजवत होता. बेंजो म्हणजे गिटारसारखा तो नव्हे हं. हा लाकडी खोका, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या, आणि खालून वायर स्पीकरला. याचा डावा हात दिसतच नव्हता, इतका पळत होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. अण्णांनी कानावर हात ठेवला होता, पण पायाचा अंगठा चालू होता, मी बघितला.

पोराने आम्हाला बघितलं आणि वाजवता वाजवताच ओरडला, "तक्रार ना? करा, करा. पन गानं संपू द्या. नवरीचा बाप आता कुठं नाचायला लागलाय!"

तो दिन्या. दिनेश. गाणं संपल्यावर अण्णा घसा साफ करून म्हणाले, "आवाज जरा..." तर हा म्हणतो, "काका, तुमी पेटी वाजवता ना? मना म्हाईत हाय, खिडकीतना ऐकतो मी. भाता जरा जोरात मारा, झोप येते." अण्णांचा चेहरा! मी तोंडावर ओढणी धरली. अशी आमची दोस्ती झाली. मी वही घेऊन त्याच्या घरी जायला लागले. कधी बेंजोच्या तारा कुठल्या, कधी बटणाखाली पत्रा कसला. तो सांगताना भरपूर थापा मारायचा. "ह्याच्या आवाजानं मेलेला मानूस पन उठून बसतो." "मग आमच्या मासिकाला हाच हवा," मी म्हणायची.

त्याची आई, काकी, मला पाटावर बसवून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची, म्हणजे इवल्या सुक्या कोळंबीची, चटणी वाढायची. आमच्या घरी अंडंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मी बोटाने चाचपत बसले तर काकी म्हणाली, "खा गो बाय, तो चावनार नाय तुना, मेलाय तो." खाल्ली. आजवर तसलं काही खाल्लं नाही परत. आईला कळलं होतं, वासावरून. फक्त म्हणाली, "दात घासून अण्णांसमोर जा."

दिन्याचे वडील हिराजीकाका मात्र ओटीवर गप्प बसलेले असायचे. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली होती. आमची बिल्डिंग ज्या जागेवर उभी ती कुणाची होती, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळत होती, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत. घरात नोकरीच्या वयाचा एकच, दिन्या. आणि दिन्या जात नव्हता. एका संध्याकाळी माझ्यासमोरच झालं.

"बाजा वाजवून कोनाचा घर चाललाय? वरातीन वाजवनारा मानूस वरातीनच मरतो."

"मग कंपनीन मरू? तिथं वासानंच मरतो मानूस."

"ही बामनाची पोर लिवतंय त्याच्यावर, म्हून तुना वाटतंय तू मोटा झालास. कुठं छापतान?"

मी मध्ये पडले. माझा स्वभाव! म्हटलं, "काका, कव्हरवर छापणार. दसऱ्याच्या अंकावर. मोठा फोटो, बेंजोसकट." हे मी नुसतं फेकलं नव्हतं बरं का, अण्णांशी बोलणं झालं होतं. अण्णांनाच ती कल्पना सुचली होती, की नवा चेहरा दिसला तर नवे वर्गणीदार येतील. हिराजीकाका बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "शिकलेल्या लोकांच्या पुस्तकान वरती बाजा आला, तर मी समजंन का हा पन धंदा हाय. मग नाय धाडनार तुना कंपनीन. नाय आला, तर दिवालीनंतर गुपचूप जायाचा." दिन्याने लगेच त्यांच्या हातावर हात मारला. इतकं साधं ठरलं ते. एका कव्हरवर एका माणसाचं आयुष्य.

फोटो काढायला अण्णांचा ओळखीचा फोटोग्राफर आला. दिन्याने इस्त्रीचा शर्ट घातला, मांडीवर बेंजो, आणि असा हसला, असा हसला की फोटोग्राफरही हसायला लागला. फोटोवरून जस्ताचा ब्लॉक बनवून घेतला, तेव्हा छपाई तशीच व्हायची, लाकडाच्या ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा, त्यावर चित्र. ब्लॉक घरी आला तेव्हा मी तो रात्रभर उशीशी ठेवला होता. खरंच.

मग भाऊसाहेब आले, पेढे घेऊन. टीपॉयवर फोटो पडला होता. त्यांनी उचलला, चष्मा वर सरकवून बघितला. "अरे वा! काय हसतोय पोरगा. असं हसणारं एक तोंड माझ्या जाहिरातीत नाही हो. सगळे आपले दात नसलेले." आम्ही हसलो. मला तर वाटलं जिंकलं! मी त्यांना दिन्याबद्दल सगळं सांगितलं, भराभरा, पेढा तोंडात असतानाच. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांनी दुकानात नवीन इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणले होते, छोटे, मांडीवर मावणारे, बटण दाबलं की ताल आपोआप. "आता हेच चालणार, मिनलबाई. भाता नाही, तबलजी नाही, कटकट नाही." मग अण्णांना म्हणाले, "जरा खाली येता का, पान खाऊ." ते दोघे खाली गेले. अण्णा परत आले तेव्हा पान खाल्लेलं नव्हतं.

आमच्याकडे दसऱ्याला एक रीत होती. अण्णांनीच पाडलेली. विशेषांकाचा पहिला गठ्ठा प्रेसमधून आला की सोडायचा नाही. पेटी, तबला, तंबोरा पाटावर मांडायचे, शेजारी तो कागदात गुंडाळून सुतळी बांधलेला गठ्ठा तसाच ठेवायचा, हळदकुंकू, झेंडू, आरती, आणि मगच सुतळी कापायची. न उघडलेल्या अंकात सरस्वती असते म्हणायचे ते. त्या वर्षी मी म्हटलं, "अण्णा, एक छोटा बांधलेला गठ्ठा मी दिन्याकडे नेते. त्यांच्याकडेही वाद्यांची पूजा असते. तिथेच पूजा, तिथेच उघडू." अण्णा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. "तिकडे नेतेस?" म्हणाले. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं."

बरं! त्या एका शब्दाला मी आजही माफ केलेलं नाही.

दिन्याच्या ओटीवर सगळं गाव जमलं होतं. पाटावर बेंजो, ढोलकी, डफ, बाजूला कोयता, विळा, आणि मध्ये आमचा गठ्ठा. काकीने गठ्ठ्यालाही हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आरती झाली, नारळ फुटला. हिराजीकाकांनी पूजेतलाच कोयता उचलून सुतळी कापली. दिन्या माझ्या मागे उभा होता, हातात आपट्याची पानं, आणि पोरांना सांगत होता, "ढकलू नका, सगल्यांना भेटनार, सही पन भेटनार." कागद बाजूला झाला. कव्हरवर पेटी. भाऊसाहेबांच्या दुकानातली, झेंडूचा हार घातलेली पेटी.

कुणाला काही कळेना. एक पोरगी म्हणाली, "दिनूदादा कुठं हाय?" मी अंक उचलून पानं उलटायला लागले, 'नवे हात' शोधत, ते नव्हतंच. तेवढ्यात मागून कुणीतरी अंक फिरवला आणि ओरडलं, "ह्यो बघ दिन्या! पाठी हाय, पाठी!" एकच गलका झाला. शिट्ट्या. पाठच्या कव्हरवर दिन्या होता. तेच हसू. पण गळ्याशी संपलेला. खाली, जिथे त्याचे हात आणि बेंजो होते, तिथे ऑर्गनचं चित्र.

हिराजीकाकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंक माझ्या हातात दिला, धोतराला हात पुसून. "वाच बाय. मोठ्यानं वाच. काय लिवलंय माज्या पोरावर."

मी बघितलं काय लिहिलंय ते. आणि मी वेगळंच वाचायला लागले. "कोपरखैरणे गावचे तरुण बेंजोवादक दिनेश, यांच्या हातात अशी काही जादू आहे की..." वहीतलं सगळं तोंडपाठ होतं मला, बघावं लागत नव्हतं. लोक माना हलवत होते. काकीने पदर डोळ्याला लावला. दिन्या दहावीपर्यंत शिकलेला. तो माझ्या खांद्यावरून बघत होता.

"मिनल," तो हळूच म्हणाला, "तसा नाय लिवलेला. हाय तसा वाच."

मी थांबले.

"वाच ना गो. ते वाट बघतान."

मग मी वाचलं. "बेंजो सोडला, ऑर्गन घेतला! घरचे खूश, शेजारी खूश! आजोबा, या दसऱ्याला नातवाच्या हाती ऑर्गन द्या." खाली दुकानाचा पत्ता. दिन्याचं नाव कुठेही नव्हतं.

मला वाटलं आता हिराजीकाका अंक फेकतील, मला हाकलतील. मला ते हवं होतं, खरं सांगते, कुणीतरी ओरडायला हवं होतं. ते म्हणाले, "पुना वाच. पयली ओल." मी परत वाचली. बेंजो सोडला. त्यांनी मान डोलावली, सावकाश, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं समाधान आलं. "सोरला," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "छापून आलंय. आता सगल्या मुंबईला म्हाईत झाला." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते अंक घरोघर वाटले, प्रसादासारखे.

दिन्याने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे," म्हणाला. माझ्याकडे न बघता. मग आत गेला.

मी धावत घरी आले. आई करंज्यांसारखं काहीतरी तळत होती, अण्णा पेटीसमोर बसले होते, घरचा गठ्ठा अजून सुतळीत.

"तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं तू वाटेत उघडशील."

"पूजेआधी सुतळी सोडायची नाही, हे कुणी शिकवलं मला?"

अण्णा चिडले. "बेंजो कव्हरवर घेतला असता तर भाऊसाहेब पाठचं पान सोडणार होते. ते पान गेलं की मासिक गेलं. आणि मिने, चुकीचं नाही बोलले ते. आपल्या वाचकाला कव्हरवर स्वतःचं तरुणपण बघायचं असतं. दुसऱ्याचं नाही."

"मग त्याचं तोंड कशाला वापरलंत?"

"ब्लॉक तयार होता. वाया गेला असता."

"कापला कुणी?"

"प्रेसमध्ये. करवतीने. खालचा तुकडा भंगारात गेला."

आईने झारा खाली ठेवला. "त्या पोराला विचारलं होतंत?" ती म्हणाली. एवढंच. अण्णांनी पेटीचा भाता उघडला आणि एक सूर धरला, नुसता, लांब. मी दरवाजा आपटून गच्चीवर गेले.

त्या जाहिरातीवर पत्रांचा पाऊस पडला. आजपर्यंत एकाही लेखाला आली नव्हती इतकी पत्रं. आजोबांनी आजोबांना सांगितलं, ऑर्गन खपले, भाऊसाहेबांनी मधली पानंही घेतली. 'नवे हात'च्या जागी श्रद्धांजलीचं पान पूर्ण झालं. मी खळ लावायला बसले नाही परत. अण्णा आणि आई दोघंच बसायचे, आणि दरवाज्यातून जाता जाता मला दिसायचं की सुरळ्यांचा ढीग दर महिन्याला बुटका होतोय. पुढे एक महिना असा आला की खळ शिजलीच नाही. आईने त्या रविवारी वरणभात लावला. आमच्या मासिकात तरुण माणूस फक्त नातू म्हणूनच आला, आणि नातवंडांना मासिक नको होतं. एवढं सोपं होतं ते. अण्णांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना दर महिन्याचा अंक काढायचा होता, बस.

दिन्या दिवाळीनंतर कंपनीत लागला. मी सकाळी कॉलेजला जाताना तो नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असायचा, डबा काखेत. सुरुवातीला मी हात करायची. तो मान हलवायचा. भांडला नाही कधी. भांडला असता तर मी सगळं सांगितलं असतं, अण्णांनी मला कसं फसवलं, मला खरंच माहीत नव्हतं. पण त्याने विचारलंच नाही. मग माझं लग्न झालं, मी बेलापूरला गेले.

मध्यंतरी हिराजीकाका गेल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले. जुनं घर नाही राहिलं, तिथे चार मजली इमारत, खाली मोबाईलचं दुकान. काकी पलंगावर होती, मला ओळखलं नाही, तरी "जेवून जा" म्हणाली. दिन्या आता रिटायर, केस पांढरे, खोकतो सारखा. हॉलमध्ये देवाच्या फोटोंशेजारी काचेच्या फ्रेममध्ये ते पान होतं. पाठचं कव्हर, पिवळं पडलेलं, अक्षर मात्र स्पष्ट. आमचं अक्षर मोठंच असायचं.

"अजून ठेवलंयस?" मी म्हटलं.

"बाबांनी लावलेला," तो म्हणाला. "हात लावू द्यायचे नाय. आल्या-गेल्याला दाखवायचे."

त्याचा नातू, पाच-सहा वर्षांचा, सोफ्यावर चढून फ्रेम बघत होता. नुकतं वाचायला शिकलाय, बोट ठेवून अक्षरं लावत होता. सगळं वाचून झाल्यावर मागे वळला.

"आजोबा, तुम्ही ऑर्गन वाजवायचे?"

दिन्याने माझ्याकडे एकदा बघितलं.

"हां," तो म्हणाला, "वाजवायचो."